मागावरचं मागणं

मावशीनं चर्चमधल्या बायकांच्या सभेत पहिल्यांदा प्रार्थना केली, तेव्हा ती कोणालाच ऐकू आली नाही. लग्न होऊन ती नुकतीच ह्या मंडळीत आली होती. सभा पाळकसाहेबांच्या घरी. सगळ्या बायका गोल करून बसलेल्या, माना खाली, डोळे मिटलेले. एकीची प्रार्थना संपली की शेजारणीनं सुरू करायची. मावशीची पाळी आली. तिनं अगदी मन लावून प्रार्थना केली. कोणाचं दुखणं सोडलं नाही, कोणाचं पोर सोडलं नाही, सगळ्यांसाठी मागून झालं आणि ती थांबली. पण आवाज काही निघालाच नव्हता, नुसते ओठ हलले होते, आणि डोळे मिटून बसलेल्यांना ते दिसणार कसे? बायका वाट बघत राहिल्या. नवी आहे, लाजत असेल. सुचत नसेल. रडतेय की काय बिचारी. मावशी इकडे त्यांच्या आमेनची वाट बघतेय आणि त्या तिकडे तिच्या प्रार्थनेची. शेवटी कोपऱ्यातल्या आजीबाई घोरायला लागल्या, तेव्हा पाळकीणबाईंनी हळूच एक डोळा उघडला. मावशी दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून बसली होती.

"माझी झाली की केव्हाच," मावशी म्हणाली.

ही गोष्ट आमच्या घरात काका, म्हणजे मावशीचे यजमान, सांगायचे, आणि दर वेळी आजीबाईंचं घोरणं जरा वाढवून सांगायचे. माझी आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. तेव्हापासून मी मावशीकडेच वाढले, म्हणून ह्या दोघांबद्दल मला मोजूनमापून बोलता येत नाही. आधीच सांगून ठेवते.

मावशी कापडाच्या गिरणीत माग चालवायची. विणाईखात्यात सगळे माग एकदम चालू झाले की कानठळ्या बसायच्या. शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी तिला फक्त तोंडाचा वारा लागायचा. म्हणून तिथल्या बायका ओरडायच्या भानगडीत पडायच्याच नाहीत. आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या, पण ठळक, आणि सोबत भुवया, मान, हात सगळं कामाला लावायच्या. पलीकडच्या रांगेतली बाई तिकडून सासूचं गाऱ्हाणं सांगायची आणि मावशी इकडे धाग्यावरची नजर मधूनमधून उचलून ते सगळं ऐकायची. ऐकायची म्हणजे बघायची. तिच्या लेखी त्यात फरक नव्हता.

ह्या भाषेत एक मोठी अडचण होती. प, ब आणि म. तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. बाप म्हणा, माप म्हणा की पाप म्हणा, बघणाऱ्याला एकच दिसतं. मावशी नवीन होती तेव्हा मुकादम तिच्यापुढे येऊन उभा राहिला. कापड मोजायची पट्टी तिच्याजवळ दिसेना, म्हणून त्यानं विचारलं, "तुझं माप कुठंय?" त्यातून त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या. मावशीला दिसलं, "तुझं पाप कुठंय?" ती आधीच देवभीरू पोर, तिचं धाबं दणाणलं. धाकट्या बहिणीच्या वाटचा पाव आपण खाल्ला, ही खबर गिरणीपर्यंत पोचली कशी, तेच तिला कळेना. तिनं रडतरडत तिथल्या तिथे कबुली दिली. त्या गदारोळात मुकादमाला एक अक्षर कळलं नाही. पोरीला बरं वाटत नसेल म्हणून त्यानं तिला चहा प्यायला पाठवलं. तो पाव माझ्या आईच्या वाटचा.

मग जुन्या बायकांनी तिला खुणा शिकवल्या. माप असेल तर वीत पसरायची. पाप असेल तर कान धरायचा. घरचा बाप असेल तर मिशीवरून बोट फिरवायचं, आणि वरचा बाप असेल तर तेच बोट वर करायचं.

वरच्या बापाची खूण रोज लागायची. कामाची पाळी सुरू झाली की मावशी आणि तिच्या शेजारच्या मागावरची लांबी, दोघी मिळून प्रार्थना करायच्या. लांबीला लांबी म्हणायचं कारण तिचं डोकं खात्यात कुठूनही दिसायचं. पुढे पुढे आणखी काही जणी सामील झाल्या. प्रार्थनेला डोळे मिटतात हे मावशीला माहीत नव्हतं असं नाही. पण चालत्या मागापुढे डोळे मिटायचे, तर धागा नेणारा धोटा उडून कधी कपाळात बसेल त्याचा नेम नाही. आणि डोळे मिटले तर दुसरीची प्रार्थना ऐकायची कशी? म्हणून त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत, हातानं तुटलेला धागा सांधत प्रार्थना करायच्या. मावशी म्हणायची, मागावर उभं राहून मागायचं नाही तर काय करायचं, नावातच आहे ते.

मागावर तिनं काय काय मागितलं ते तिनं मला सांगितलंय. त्यातलं एक म्हणजे नवरा. माहेरी तिचे वडील तोंडातून शब्द न काढणारे, आणि गिरणीत माणसाचा आवाज म्हणून कधी कानावर पडायचा नाही. तेव्हा तिनं देवाकडे मागितलं की घरात ऐकू येईल असा माणूस दे. देवानं काका दिले. "मागताना मापात मागायचं राहिलं बघ," असं ती मला म्हणायची, काकांना ऐकू जाईल अशा बेतानं.

काकांना अख्खा बाजार भोंगा म्हणायचा. भाजीबाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. त्यांनी दारात उभं राहून कोबीचा भाव पुकारला की मागच्या रस्त्यावरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबायचा. रविवारी हाच आवाज चर्चमध्ये. उपदेश झाला की मंडळीच्या वतीनं प्रार्थना करायचा मान त्यांचा. ते पुढे जाऊन उभे राहायचे आणि एकेकाला घ्यायचे, अगदी बाजारात एकेक ढीग घ्यावा तसं. "शिंपीणबाईंचा गुडघा, प्रभू. मास्तरांचा खोकला, प्रभू. कुंभारवाड्याच्या वळणावरचं ते बाळ, त्याला दूध पचू दे, प्रभू." शेवटी आमेन म्हणायचे ते सौदा पक्का झाल्यासारखं. त्यानंतर कोणाची हूं की चूं नसायची. मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. त्या आमेननंतर माझा पहिला सूर नेहमी बिचारा वाटायचा.

काकांची पक्की समजूत होती की देव ऐकतो, आणि हीही होती की आपला आवाज पोचतो म्हणून ऐकतो. मावशी शेजारी बसून नुसते ओठ हलवायची. घरी जाताना ते तिला चिडवायचे, "तुझ्या प्रार्थनेला टपाल लागतं. माझी थेट जाते."

मी वाद घालण्याच्या वयाची झाल्यावर मावशीला एकदा कोंडीत पकडलं होतं. आई आजारी असताना तू मागावर तिचं आयुष्य मागितलंस ना, मग कुठे ऐकलं त्यानं? मावशी बटाटे सोलत होती. हातातला बटाटा तिनं आधी पुरा सोलला.

"ऐकलं," ती म्हणाली. "हो म्हणाला नाही. मी त्याच्यावर खूप रागावले, तेही त्यानं ऐकलं. ऐकलं नसतं तर मी परत गेलेच नसते त्याच्याकडे." मग तिनं पुढचा बटाटा घेतला आणि मला कांदे चिरायला बसवलं. तेव्हा मला हे पटलं नाही. आज पटतं.

गिरणी बंद झाली, मावशी घरी बसली, आणि पुढे काकांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर स्पष्टवक्ते होते. माणूस वाचेल, पण आवाजाची पेटीच काढावी लागेल, आवाज परत येणार नाही. ऑपरेशन झालं. काका वाचले. श्वास घ्यायला गळ्याशी एक छोटं भोक राहिलं, त्याच्यावर बांधायला मावशीनं मऊ सुती रुमाल शिवले. ज्या बाजारात ते नुसते खाकरले तरी हमाल वळून बघायचे, त्या बाजाराचा भोंगा बंद झाला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर काका काहीतरी सांगू लागले. मी आणि नर्सबाई त्यांच्यावर वाकून अंदाज करत होतो. उशी हवीय? दुखतंय? डॉक्टरांना बोलवू? काका लाल झाले. नर्सबाईंनी पाटी आणि खडू आणून दिला, तो त्यांनी बाजूला सारला. तेवढ्यात मावशी जिना चढून आली. दारातच थांबली, त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, सरळ गेली आणि खिडकी लावून आली.

"गार वारा लागतोय त्यांना," ती म्हणाली. "आणि तुम्हा दोघींना म्हशी म्हणालेत. नर्सबाई, मनावर घेऊ नका, बाजारातला माणूस आहे."

नवरा-बायकोचं बोलणं त्या दिवसापासून जे चालू झालं ते चालूच राहिलं. घशाला लावून बोलायचं एक यंत्रही मिळालं होतं. त्यातून निघालेला घरघराट काकांनी एकदा ऐकला, आणि ते यंत्र कपाटात गेलं. त्यांना त्याची गरजही नव्हती. ते ओठांनी बोलायचे, मावशी तोंडानं उत्तर द्यायची. जिन्यातून येणाऱ्याला वाटायचं बाई एकटीच भांडतेय. मला ही भाषा मोडकीतोडकी येते, त्यामुळे मला निम्मं भांडण कळायचं.

पण एक गोष्ट बंद झाली होती, आणि ती आधी मावशीच्याच लक्षात आली. जेवायला बसलं की पूर्वी काका प्रार्थना करायचे. आता ते ओठ घट्ट मिटून बसायचे. रविवारी कोट काढून ठेवला तरी हात लावायचे नाहीत. चर्चमध्ये त्यांच्या जागी पोस्टमास्तर प्रार्थना करू लागले. माणूस भला, पण कागदावरून वाचायचे, आणि तिसऱ्या बाकाच्या पुढे त्यांचा आवाज जायचा नाही. मावशी एकटी जायची, एकटी यायची. त्या आवाजासाठी मला हळहळ वाटायची. तिला आवाजाचं काहीच वाटत नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो त्या मिटलेल्या ओठांत. ज्या माणसानं आयुष्यभर देवाशी गप्पा मारल्या त्यानं त्याच्याशी अबोला धरावा, हे तिला सहन होत नव्हतं.

तिची प्रार्थना चालू होती. पोळपाट पुसताना, जिना झाडताना, तिचे ओठ हलत असायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, बाई आशा सोडत नाही. ते पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, मनानं फार चांगले. ते घरी आले, चहा घेतला, आणि बरंच आडवळण घेऊन म्हणाले, "मावशी, देव काहीही करू शकतो. पण डॉक्टरांनी जे काढलंय ते... म्हणजे तुम्ही आवाजाच्या आशेवर राहिलात आणि तसं झालं नाही, तर तुमच्या विश्वासाला धक्का बसू नये, एवढंच."

"आवाज कोणी मागितलाय?" मावशी म्हणाली.

पाळकसाहेब गोंधळले. "मग?"

"ह्यांचे ओठ हलू देत, एवढंच मागतेय. जेवताना हलतात. माझ्यावर करवादताना हलतात. त्याच्याशी बोलायला हलत नाहीत. आणखी चहा घ्या ना."

ते गेले तेव्हा काका आतल्या खोलीत जागेच होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मावशी कप घेऊन आत गेली आणि मी दारात थांबले, कारण त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता जुंपणार.

"लिलावात पुकारा ऐकू आला नाही तर माल पडून राहतो," काका म्हणाले. ते सावकाश बोलत होते, मलाही कळावं म्हणून असेल. "माझा पुकारा गेला. आता वर कोण ऐकणार माझं?"

"मी इतकी वर्षं मागावर मागितलं," मावशी म्हणाली. "माझं मला ऐकू आलं नाही. त्याला आलं. नाहीतर तुम्ही कुठून आलात?"

काकांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. ओठांनी बोलणाऱ्या माणसाचं भांडण असंच संपतं. त्यानं तोंड फिरवलं की समोरच्यानं काय करायचं? मावशी कप घेऊन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"भिंतीकडे तोंड केलंत तरी त्याला दिसतं," ती म्हणाली. "मला दिसत नाही, एवढंच."

काका वळले नाहीत. मावशी बाहेर आली आणि तिनं कप विसळले. मला रडू आवरेना, ती मात्र शांत होती. "सांगून झालंय त्याला," ती म्हणाली. "आता तो बघेल."

मग एका सकाळी मावशीनं मला बाजूला ओढलं. काका आरशापुढे उभे राहून गळ्याचा रुमाल बांधत होते आणि तिला आरशात त्यांचे ओठ दिसले होते. दोनदा मिटले, म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे बापच म्हणाले असणार, दुसरं काय. मावशीनं मान हलवली.

"दोन्ही हात रुमालात होते, खूण कुठे केली? जन्म बाजारात गेलाय त्यांचा. माप म्हणाले असतील."

"अगं, पण आरशापुढे उभं राहून कोण माप म्हणेल?"

"आपल्या मनात असेल ते वाचायचं नसतं गं," ती म्हणाली. "त्या नादात एकदा मी मुकादमापुढे रडलेय." पण तिचे डोळे चमकत होते. त्या दिवसापासून तिनं मागणं बदललं. "आता बोट मागतेय," तिनं मला सांगितलं.

त्यानंतर लांबी आली. एकटी नाही, जुन्या विणाईखात्यातल्या आणखी तिघींना घेऊन. भोंग्याला बघायला यायचं कधीचं चाललं होतं, म्हणाली. आमची बाहेरची खोली ती केवढी, त्यात ह्या चौघी. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत चोरट्यासारखे बसले. पाहुणे आले की त्यांचं हे असंच व्हायचं. लोक मोठ्यानं बोलायचे, जणू काकांचे कानच गेलेत, आणि मग त्यांना वगळून आपापसांत बोलत बसायचे.

चहा ओतत होते तोच खाली रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं. कपबश्या थरथरल्या. मला माझाच आवाज ऐकू येईना. दुसरं कोणी असतं तर वैतागून उठलं असतं. ह्या चौघी आणि मावशी, पाची जणींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जे हसू पसरलं ते मी विसरणार नाही. वाक्य अर्धं राहिलं होतं ते त्यांनी तिथूनच पुढे ओठांनी सुरू केलं. भुवया चढल्या, हात हलू लागले. एक मुकादमाच्या मिशा दाखवतेय, दुसरी पोट धरून हसतेय, आणि कोणाचाही आवाज नाही. त्या खोलीत मीच तेवढी बहिरी उरले.

आणि काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या भोवती सगळी माणसं त्यांच्यासारखीच बोलत होती. ते थोडा वेळ बघत राहिले, मग मधेच घुसले, बाजारात घुसायचे तसे. एका गिऱ्हाइकानं सडका कोबी परत आणला होता, ती त्यांची जुनी गोष्ट. हातांनी कोबी धरला, नाक मुरडलं, गिऱ्हाइकाचं तोंड केलं. लांबीनं मान मागे टाकून असं हसून घेतलं की खुर्ची करकरलेली मला यंत्राच्या आवाजातही जाणवली. काका खुलले. दुसरी गोष्ट सांगितली, तिसरी सांगितली. इतक्या दिवसांत त्यांना ऐकणारी एकच होती. आता अख्खं खातं होतं.

निघायची वेळ झाली तेव्हा लांबीनं विचारलं, पूर्वीसारखी प्रार्थना करू या का? सगळ्या उभ्या राहिल्या. मग ती काकांकडे वळली. "आज तुम्ही."

यंत्र चालूच होतं. काकांनी मावशीकडे बघितलं. मावशी किटली धरून उभी राहिली. कोणीही डोळे मिटले नाहीत. सगळ्या जणी काकांच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण त्यांच्या लेखी प्रार्थना ऐकायची दुसरी रीतच नव्हती. काकांचे ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले.

लांबी म्हणजे लांबी. तिनं भुवई उचलली आणि खात्यात विचारायची तसं विचारलं, "कोणतं?"

काकांनी बोट वर केलं.

मावशीनं किटली खाली ठेवली, पण टेबल कुठंय ते न बघता ठेवली, आणि सगळा चहा जमिनीवर गेला. कोणी तिकडे बघितलं नाही. काका बोलत होते. काय बोलले ते मला सगळं कळलं नाही. मधेच खालचं यंत्र बंद पडलं, खोलीत टाचणी पडलेली ऐकू येईल अशी शांतता झाली, तरी ते बोलत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या. मावशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिनं जे मागितलं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

रविवारी काकांनी कोट घातला. चर्चमध्ये शिरताना त्यांनी पाळकसाहेबांना बोटानं आधी स्वतःकडे, मग पुढच्या जागेकडे दाखवलं. पाळकसाहेबांनी पोस्टमास्तरांकडे बघितलं, पोस्टमास्तरांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि मोकळा श्वास सोडला. लांबी आणि तिच्या मैत्रिणी शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

उपदेश झाला. काका पुढे गेले, मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." आणि सगळ्या मंडळीनं, लहानपणापासूनच्या सवयीनं, माना खाली घातल्या आणि डोळे मिटले.

मला ऑर्गनवरून दोन्हीकडचं दिसत होतं. काकांनी बोट वर केलं, ओठ हलू लागले. समोर रांगा भरभरून मिटलेले डोळे. चर्चमध्ये नुसती शांतता. कोणीतरी खोकलं, कोणाचा बूट घासला. लोक प्रार्थना सुरू व्हायची वाट बघत होते. काकांचे ओठ मंदावले. त्यांनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि मी त्यांचा चेहरा उतरताना बघितला. हात खाली आला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस जागेवर जाऊन बसेल आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, आणि ह्या वेळी कायमचं. त्यांनी एक पाऊल मागे घेतलंही.

"डोळे उघडा," मावशी म्हणाली.

ती तिसऱ्या बाकावरून उठली होती. ह्या चर्चमध्ये तिचा मोठा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. तो चिरकला, तिनं घसा साफ केला. "डोळे उघडा सगळ्यांनी. ते बोलताहेत. देवाला ऐकू येतंय. तुम्हाला ऐकायचं असेल तर बघा."

एकेक मान वर झाली. मावशी बाकातून बाहेर आली आणि काकांच्या समोर जाऊन उभी राहिली. "हं," ती त्यांना म्हणाली. "पहिल्यापासून."

काकांनी बोट वर केलं. "बापा," मावशीनं मोठ्यानं म्हटलं. आणि मग ते दोघं सुरू झाले. काका ओठ हलवत होते आणि ती त्यांना आवाज देत होती. "शिंपीणबाईंचा गुडघा, प्रभू. मास्तरांचा खोकला अजून तोच, प्रभू. कुंभारवाड्याच्या वळणावरचं बाळ आता चालतं, त्याबद्दल आभार, प्रभू. पोस्टमास्तरांनी माझी जागा राखली, त्यांचं भलं कर, प्रभू." तोच जुना पुकारा, तीच चाल, फक्त आवाज बाईचा. घरात बसल्या बसल्या काका कोणालाही विसरले नव्हते. शिंपीणबाई उघड्या डोळ्यांनी काकांकडे बघत रडत होत्या.

मग काका मावशीकडे बघून बोलले, आणि मावशी गप्प झाली.

मंडळी थांबली. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "पुढे काय म्हणाले?"

"काही नाही," मावशी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "घरगुती आहे."

काकांनी पाय आपटला आणि तेच पुन्हा म्हटलं. मावशीनं मान हलवली, नाही म्हणून. चर्चमध्ये खसखस पिकली. तेव्हा शेवटच्या बाकावरून लांबी उठली. तिला पुढे यायची गरजच नव्हती, तिला तिथूनही सगळं दिसत होतं.

"ते म्हणताहेत," लांबीनं ठणठणीत आवाजात सांगितलं, "बापा, इतकी वर्षं मी ओरडत होतो, आणि मला वाटायचं तू माझं ऐकतोस. तू हिचं ऐकत होतास."

"दोघांचं ऐकत होता," मावशी पुटपुटली, पण शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

काका हसले. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला, ताठ उभे राहिले, बाजारात सौदा पक्का करायच्या आधी राहायचे तसे, आणि त्यांचे ओठ एकदाच ठळक उघडले, मिटले, उघडले. तो शब्द मावशीला सांगावा लागला नाही, लांबीलाही नाही. सगळ्या मंडळीनं तो त्यांच्या ओठांवर वाचला आणि सगळी मंडळी एकदम म्हणाली, आमेन. असलं आमेन मी त्या चर्चमध्ये ऐकलं नव्हतं, भोंग्याच्या चांगल्या दिवसांतही नाही. रविवार होता म्हणून मागच्या रस्त्यावर न्हाव्याचं दुकान बंद होतं, नाहीतर त्याचा वस्तरा नक्की थांबला असता.